४३ कुंड्या, एक टायमर आणि वाफसा: बागेच्या पाण्याचं एक वर्ष

बादली आणि मग घेऊन ४३ कुंड्यांपुढून रोज फिरलं, तरी कोणत्या झाडाला किती पाणी गेलं हे सांगता येत नाही. गच्चीवरची ही बाग हातच्या पाण्यावरून टायमरवरच्या ठिबकावर आणायला आणि तिन्ही ऋतूंत तिचं पाणी बसवायला वर्ष लागलं. सुरुवात थंडी ओसरताना केली. हीच वेळ सोयीची, कारण झाडांची तहान अजून वाढलेली नसते आणि चूक झाली तरी निभावते.

पहिले तीन आठवडे काहीही विकत घेतलं नाही. फक्त वजनं केली. पाच वेगवेगळ्या कुंड्या निवडल्या. संध्याकाळी भरपूर पाणी घालून तासभर निथळू दिलं आणि माणसांच्या वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वजन. एक किलो घट म्हणजे एक लिटर पाणी गेलं. १२ इंची प्लास्टिकच्या कुंडीतली मिरची त्या दिवसांत रोज साधारण अर्धा लिटर पाणी घेत होती. तेवढ्याच मापाच्या मातीच्या कुंडीतली मिरची त्याहून दीडपट, कारण मातीच्या कुंडीच्या भिंतींतूनही पाणी उडतं. हे कळलं नसतं तर दोघींना एकच माप लावलं गेलं असतं.

काटा नसेल तर वाफसा बघावा. दोन इंच खोलीवरची मूठभर माती दाबली की गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचलं की तो फुटला पाहिजे. बोटांमधून पाणी आलं तर ओल जास्त, गोळाच झाला नाही तर कमी. शेतीतला हा शब्द कुंडीलाही तंतोतंत लागू पडतो. मुळांना ओलीइतकीच हवा लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरून कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, आणि ओल्या मातीत उभं असूनही झाड मान टाकतं. ते सुकलंय असं समजून आणखी पाणी घातलं जातं. कुंडीतली कितीतरी झाडं अशी जातात. म्हणून पूर्ण वर्षभर प्रश्न ‘आज पाणी घातलं का’ हा ठेवला नाही, ‘वाफसा आहे का’ हाच ठेवला.

ठिबकासाठी गच्चीच्या टाकीवरून जोड घ्यायचा होता, म्हणून इमारतीच्या व्यवस्थापनाकडे अर्ज केला. उत्तराला १६ दिवस लागले. पहिला अर्ज अपुरा म्हणून परत आला, कारण त्यात ओल्या कुंड्यांचं वजन नव्हतं. माती आणि खत भरलेली १२ इंची कुंडी पाणी प्यायल्यावर २० ते २५ किलो भरते. ४३ कुंड्यांचं मिळून एक टनाच्या आसपास वजन होतं, त्यामुळे त्या मधोमध न मांडता कडेच्या भिंतींलगत, तुळयांच्या वर मांडायच्या, असं ठरलं. आणखी दोन अटी आल्या. फिल्टरच्या आधी हाताने बंद करता येईल असा बॉल व्हॉल्व्ह हवा, आणि कुंड्या जमिनीपासून दीड इंच उचललेल्या हव्यात, म्हणजे खालची जलरोधक फरशी सतत ओली राहणार नाही. दोन्ही अटी बागेच्याही भल्याच्याच निघाल्या. असा अर्ज करणार असाल तर कुंड्यांचा नकाशा, एका ओल्या कुंडीचं वजन आणि सांडपाणी कुठल्या नाळीत जाणार ही तीन माहितीची कलमं आधीच जोडा.

वाट बघण्याच्या दिवसांत कुंड्यांची वर्गवारी केली. टोमॅटो, वांगं, काकडी, जास्वंद अशा १४ पाणलोभी कुंड्या. मिरची, गुलाब, मोगरा, लिंबू अशा २२ मध्यम. कोरफड, अडेनियम, सर्पपर्णी अशा सात कुंड्यांना ठिबक लावायचंच नाही, त्यांना हाताने. एका नळीवरच्या सगळ्या कुंड्यांना सारखाच वेळ पाणी मिळतं, त्यामुळे कमी-जास्त करायचं ते ड्रिपरच्या, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या टोकांच्या, संख्येने. पाणलोभी कुंडीला दोन ड्रिपर, मध्यमला एक. एकूण ५० ड्रिपर झाले.

त्यानंतर सामान आलं आणि काम अडलं. टायमर भिंतीवर बसवला, वेळ लावली, आतून ‘टक’ असा आवाज आला, पण पाणी थेंबभरही आलं नाही. दोष दाबाचा होता. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. टाकीचा तळ ड्रिपरपासून जेमतेम तीन मीटर उंच, म्हणजे दाब ०.३ बार. बहुतेक स्वस्त टायमरमध्ये सोलेनॉइडवर, म्हणजे विजेच्या चुंबकावर, चालणारा पडद्याचा व्हॉल्व्ह असतो. तो पडदा पाण्याच्याच दाबाने उचलला जातो, आणि या टायमरच्या खोक्यावर बारीक अक्षरात किमान ०.५ बार लिहिलेलं होतं. टाकीवर चालवायचं असेल तर मोटरने गोळा फिरवणारा, म्हणजे बॉल व्हॉल्व्हचा टायमर लागतो. तो शून्य दाबालाही उघडतो. विक्रेत्याने बदलून द्यायला नऊ दिवस लावले. एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा टायमरचाच असतो, त्यामुळे घेण्याआधी उंची मोजून दाब काढणं हे सगळ्यांत महत्त्वाचं काम आहे.

हाच नियम ड्रिपरलाही लागतो. दाब-नियंत्रित ड्रिपर चांगले म्हणून सुचवले जातात, पण त्यांच्या आतला रबरी पडदा साधारण एक बारच्या आसपास नीट काम करू लागतो. टाकीच्या कमी दाबाला साधे ड्रिपर बरे. मात्र त्यांच्यावर लिहिलेला आकडा एक बारचा असतो. दाब कमी झाला की प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. ताशी चार लिटरचा ड्रिपर ०.३ बारला ताशी सुमारे २.२ लिटरच देतो. ‘चार लिटरचा ड्रिपर, पंधरा मिनिटं, एक लिटर’ असा हिशोब करून चालवलं असतं तर प्रत्येक झाड अर्ध्या पाण्यावर राहिलं असतं.

जोडणीला एक पूर्ण दिवस लागला. टाकीपासून क्रम असा: बॉल व्हॉल्व्ह, जाळीचा फिल्टर, टायमर, मग १६ मिलीमीटरची काळी मुख्य नळी, तिच्यातून प्रत्येक कुंडीकडे चार मिलीमीटरची बारीक नळी आणि टोकाला ड्रिपर. फिल्टर १२० मेशचा (एका इंचात १२० छिद्रांच्या जाळीचा) घ्यावा आणि तो टायमरच्या आधीच यावा, नाहीतर टाकीतला गाळ आधी टायमरच्या गोळ्यात अडकतो. नळी काळीच हवी, उजेड आत शिरला तर शेवाळ धरतं. गुंडाळीतली नळी तासभर उन्हात पसरून ठेवली की सरळ होते. जोड बसत नसेल तर नळीचं टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवावं. तेल किंवा साबण लावू नये, जोड नंतर निसटतो. भोक पाडायला पंचच वापरावा. खिळ्याने पाडलेलं भोक फाटतं आणि तिथून कायम झिरपत राहतं. सगळं जोडून झाल्यावर, टोकाची बुचं लावण्याआधी, पाच मिनिटं पाणी मोकळं सोडलं. नळी कापतानाचा प्लास्टिकचा भुसा त्याबरोबर बाहेर पडला. हे केलं नाही तर पहिल्याच दिवशी शेवटचे ड्रिपर तुंबतात.

ड्रिपर खोड आणि कुंडीची कड यांच्या मधोमध ठेवायचा. खोडाला चिकटून ठेवला तर खोडाचा बुंधा सतत ओला राहून सडतो. आणि ड्रिपर मातीत पुरायचा नाही, वर राहू द्यायचा. त्याचं कारण तिसऱ्या दिवशी कळलं. टायमर बंद झाला की मुख्य नळीत उरलेलं पाणी सगळ्यांत खालच्या ड्रिपरमधून निचरत राहतं, आणि त्याची जागा भरायला वरच्या ड्रिपरमधून हवा आत ओढली जाते. पुरलेला ड्रिपर हवेबरोबर मातीही ओढतो आणि आतून बंद होतो.

त्या निचऱ्याचा दुसरा परिणाम मोठा होता. १६ मिलीमीटरच्या नळीत दर मीटरला सुमारे १४५ मिलिलिटर पाणी मावतं. २४ मीटर नळीतलं साडेतीन लिटर पाणी रोज नाळीजवळच्या दोनच कुंड्यांत उतरत होतं, कारण गच्चीचा उतार तिकडे होता. त्या दोन्ही वांग्यांची खालची पानं दहा दिवसांत पिवळी पडली. उपाय सोपा: वांगी हलवली आणि त्या जागी अळू आणि कर्दळ आणली. त्यांना ओले पाय चालतात. तुमच्याकडे सगळ्यांत खालची जागा कोणती हे झाडं मांडण्याआधी बघून ठेवा.

मग मोजणी. प्रत्येक ड्रिपरखाली पेला धरून सहा मिनिटांचं पाणी मोजायचं आणि त्याला दहाने गुणायचं की ताशी प्रवाह मिळतो. पहिला, मधला आणि शेवटचा ड्रिपर तरी मोजावाच. तिघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कुठेतरी नळी दुमडली आहे, गळती आहे किंवा हवा अडकली आहे. इथे सहा मिनिटांना २२० मिलिलिटरच्या आसपास सगळे आले, एक सोडून. त्याची बारीक नळी कुंडीखाली चेपली गेली होती.

उन्हाळा चढला तसं वजनाचं गणित पुन्हा केलं. तीच प्लास्टिकच्या कुंडीतली मिरची आता दिवसाला १.१ लिटर घेत होती, थंडीअखेरच्या दुपटीहून जास्त. ३० मिनिटांत एका ड्रिपरमधून १.१ लिटर आणि दोनमधून २.२ लिटर मिळतात, म्हणजे ५० ड्रिपरना दिवसाला ५५ लिटर. ती ३० मिनिटं एकदम दिली नाहीत. पहाटे सहाला २० आणि सूर्य मावळून नळी निवल्यावर १०. एकदम दिलं तर सैल मिश्रणातून पाणी सरळ खाली उतरून भोकातून निघून जातं.

हा सरळ खाली उतरण्याचा प्रश्न कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, जास्त असलेल्या कुंड्यांत खूप जाणवतो. भारी मातीत थेंब आडवा पसरतो, भुसभुशीत मिश्रणात तो अरुंद खांबासारखा खाली जातो, आणि बाजूची मुळं कोरडी राहतात. अशा कुंडीत एकाच ड्रिपरऐवजी समोरासमोर दोन ठेवावेत आणि वर आच्छादन द्यावं. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरतच नाही. ते आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटतं आणि पाणी त्या फटीतून लगेच खालून बाहेर येतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं कुंडी भरली. अशी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा-पाऊण तास बसवून खालून भिजवावी लागते. ठिबक तिला परत ओलं करू शकत नाही.

आच्छादन म्हणून वाळलेला पाला दोन इंच जाडीचा पसरला, खोडाभोवती दीड इंच जागा मोकळी ठेवून. एका कुंडीला दिलं, शेजारच्या तशाच कुंडीला दिलं नाही. आच्छादनवालीची वजनघट स्पष्ट कमी होती, म्हणून मग सगळ्यांना दिलं. पश्चिमेच्या उन्हात काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांच्या भिंती हाताला चटका बसेल इतक्या तापतात आणि भिंतीलगतची मुळं करपतात. त्या कुंड्या मोठ्या मातीच्या कुंड्यांत बसवल्या, मधल्या फटीत पाला भरला. वर ५० टक्के ऊन अडवणारी शेडनेट फक्त दुपारच्या बाजूने लावली.

भर दुपारी काकडी आणि जास्वंद मान टाकतात. तेव्हा घाबरून पाणी घालू नये. मुळं ओढतात त्यापेक्षा पानांतून जास्त उडतं, एवढंच ते असतं. सूर्य कलल्यावर पानं उभी राहिली तर सगळं ठीक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही मान खालीच असेल तर बोट मातीत घाला. माती कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर मुळांचा आजार.

उन्हाळ्याच्या शेवटी मातीच्या कुंड्यांच्या कडेला पांढरी पापुद्रे धरलेली साय दिसू लागली. ठिबकाचं पाणी थोडं आणि मोजकं असल्यामुळे पाण्यातले आणि खतातले क्षार धुऊन न जाता कुंडीतच साठतात. हे टाळायला महिन्यातून एकदा हाताने, कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून क्षार खालून धुऊन काढावेत, आणि बशीत आलेलं पाणी लगेच फेकावं. पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळणं हीसुद्धा त्याचीच खूण.

पावसाळा लागला आणि टायमर बंद करून टाकण्याचा मोह झाला. तो बंद केलाही, पण अकराव्या दिवशी तीन गुलाब पूर्ण वाळलेले सापडले, रोज पाऊस पडत असताना. दोन कारणं. ते छज्जाच्या आडोशाला होते, वाऱ्याने तिरपा आला तरच पाऊस तिथे पोहोचत होता. दुसरं कारण गणिताचं आहे. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. १२ इंची कुंडीचं तोंड जेमतेम ०.०७ चौरस मीटर. म्हणजे दहा मिलीमीटर पाऊस पडला तरी कुंडीत सातशे मिलिलिटर. दाट पानांचं झाड असेल तर छत्रीसारखं तेही बाहेर टाकतं. जमिनीतल्या झाडाला बाजूच्या मातीतून ओल मिळते, कुंडीतल्या झाडाचं जग भिंतींत संपतं. म्हणून गच्चीवर सरळ भिंतींची काचेची बरणी उघडी ठेवली आणि रोज सकाळी पट्टीने मोजलं. पाच मिलीमीटरच्या आतला पाऊस झाला नाही असं धरायचं, आणि दोन दिवस ऊन पडलं की पहाटेची २० मिनिटं सुरू करायची.

उलट्या बाजूची काळजीही याच दिवसांत. बशा काढून ठेवल्या. डासाची अंडी ते डास हा प्रवास उबदार हवेत आठवड्या-दीड आठवड्यात पुरा होतो, म्हणून साचलेलं पाणी दर आठवड्याला उपडं करायचंच. कुंडीच्या भोकात मुळांचं जाळं अडकलं आहे का हे काडी घालून पाहिलं. तळाला खडी घातल्याने निचरा सुधारतो हा समज मात्र सोडून द्यावा. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वर अडकून बसतं. ओलीचा तो थर फक्त मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरतो.

सलग पावसाने नत्र धुऊन जातं आणि जुनी पानं फिकट पडतात. पाऊस उघडला की कुंडीला दोन मुठी गांडूळखत दिलं, जोराच्या सरींच्या आधी नाही.

सगळ्यांत फसवा काळ पावसानंतरच्या उकाड्याचा निघाला. माती ओली, ऊन कडक, आणि मोगरा मान टाकतो. दोन महिने ओलीत राहून मुळांची टोकं थकलेली असतात. इथे पाणी वाढवलं असतं तर मोगरा गेला असता. शेडनेट परत लावली, पाणी थांबवलं, वरची माती खुरप्याने हलकी केली. आठ दिवसांत नवी पालवी आली.

थंडीत टायमर एक दिवसाआड १५ मिनिटांवर आणला, तोही ऊन वर आल्यावर, आठनंतर. थंड मातीत मुळं सुस्तावलेली असतात आणि रात्रीचं पाणी सकाळपर्यंत तसंच बसून राहतं. अडेनियमची पानं गळायला लागल्यावर त्याचं पाणी जवळजवळ बंद केलं.

लिंबू आणि मोगऱ्याला याच काळात ताण दिला, म्हणजे बहर यावा म्हणून काही दिवस पाणी तोडलं. त्यांच्या बारीक नळीवर आधीच छोटी तोटी बसवून ठेवावी, म्हणजे बाकीची बाग चालू ठेवून तेवढ्याच कुंड्या बंद करता येतात. जमिनीतल्या झाडाला ताण बसायला महिना-दीड महिना लागतो. कुंडीत ओल लवकर संपते, म्हणून दिवस मोजू नयेत, पानं बघावीत. लिंबाच्या पानांची चकाकी गेली आणि ती किंचित वळली, की बस. इथे ते बाराव्या दिवशी दिसलं. त्याच्या पुढे ताणलं तर फांद्या वाळतात. मग वाळक्या काड्या छाटल्या, वरची इंचभर माती काढून तिथे कुजलेलं शेणखत घातलं आणि पहिलं पाणी हलकं दिलं, अर्धा लिटर. चौथ्या दिवशी भरपेट, खालून निथळेपर्यंत. वाळलेल्या कुंडीला एकदम भरपेट दिलं तर पानं आणि कळ्या गळतात. मोगऱ्याचीही पानं काढून, छाटणी करून याच पद्धतीने पाणी सुरू केलं.

वर्षभरात फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुतला. कमी दाबाच्या व्यवस्थेत थोडा गाळही लगेच प्रवाह कमी करतो. टायमरची बॅटरी दोनदा बदलली. बॅटरी उतरताना काही टायमर उघड्या स्थितीत अडकतात, म्हणून गावाला जायच्या आठ दिवस आधी नवी बॅटरी घालून, आपण तिथे असताना त्याला तसंच चालू द्यावं.

थंडी पुन्हा ओसरताना ५०ही ड्रिपर काढून एका लिटरला दोन मोठे चमचे लिंबूसत्व, या पाण्यात रात्रभर भिजवले. सकाळी आतला चुन्याचा थर सुटून तळाशी बसला होता. परत बसवून सहा मिनिटांची मोजणी केली. ४७ ड्रिपर २२० च्या आसपास, तीन १६० वरच राहिले. ते तीन बदलले, टोकाची बुचं उघडून नळी धुतली आणि टायमर रोज १२ मिनिटांवर लावला. मिरचीची कुंडी उद्यापासून परत काट्यावर आहे.